जावातल्या दिएंगला जाताय? मग हे आधी वाचा
इंडोनेशियात जावाला जाणार असाल तर दिएंग पठारावर एक रात्र तरी काढाच. साधारण 2000 मीटर उंची, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे कधीकधी पहाटे बटाट्याच्या शेतात चक्क दंव गोठतं, म्हणून स्वेटर-कानटोपी हवीच. सेंबुंगान गावात होमस्टे बघा, तिथून सिकुनिर टेकडीवर सूर्योदयाला चालत जाता येतं. शेतात बांधावरूनच चाला प्लीज, वाफे तुडवू नका, लोकांचं पोट आहे त्यावर. आणि हे खरंच मनावर घ्या, अनोळखी घळीत, खड्ड्यात उतरू नका, 1979 ला इथे जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने जवळपास दीडशे गावकरी गेले, तो दिसत नाही, वास येत नाही आणि सखल जागी साचून राहतो. गावकरी नको म्हणाले तर तिथूनच मागे फिरा.