कॅनडाच्या पॅरिशमध्ये नवीन आलात? मग मिस्सानंतर हॉलमध्ये थांबा

कॅनडात नवीन आलेल्या आपल्या कॅथलिक बायकांना मी कायम एकच गोष्ट सांगते, रविवारी मिस्सा संपली की लगेच पार्किंगकडे पळू नका. मुलं भुकेली असतात, नवऱ्याला शिफ्टला जायचं असतं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असते, सगळं मान्य. पण बऱ्याच पॅरिशमध्ये खालच्या नाहीतर मागच्या हॉलमध्ये कॉफी लावलेली असते आणि तिथे ज्या बायका कप भरत, धूत उभ्या असतात त्यातल्या निम्म्या तरी कॅथलिक विमेन्स लीगच्या, म्हणजे कॅथलिक बायकांच्या देशभरच्या संस्थेच्या निघतात. इथे सगळे तिला सी.डब्ल्यू.एल. म्हणतात, मी नुसतं लीग म्हणणार. त्यांच्या बाजूला जाऊन टॉवेल हातात घ्या, नाव सांगा, नवीन आलेय म्हणा. पॅरिशमध्ये शिरायचा याहून सोपा रस्ता मला तरी ठाऊक नाही.

आपल्याला सवय काय असते, की पॅरिशमध्ये आपल्या घरातले सगळे आधीपासून माहीत असतात, कोणीतरी ताई दारात येऊन सांगून जाते की उद्या रोझरी अमक्यांकडे, आणि न गेलं तर चार जणी विचारतात. इथे दारात कोणी येत नाही. लोक तुटक आहेत म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या घरात आपणहून डोकावणं इथे बरं दिसत नाही म्हणून ते वाट बघतात की तुम्ही विचाराल, आणि आपण वाट बघतो की ते बोलावतील, आणि यात वर्षं निघून जातात. मी अशा बायका बघितल्यात ज्या दर रविवारी त्याच बाकावर बसतात आणि पुढच्या बाकावरच्या बाईचं नावसुद्धा त्यांना माहीत नाही. तर पहिलं पाऊल आपणच टाकायचं, त्यात कमीपणा नाही.

त्याआधी एक कागदी काम करून टाका, पॅरिशमध्ये रजिस्ट्रेशन. ऑफिसात किंवा वेबसाइटवर फॉर्म असतो. ते केलं की दानासाठी तुमच्या नंबरची पाकिटं मिळतात किंवा बँकेतून दरमहा थेट पैसे वळवायची सोय असते, आणि वर्षाअखेरीचा हिशोब धरून टॅक्सची पावती येते. टोपलीत सुटी नोट टाकली तर ती कोणाची हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे तिची पावती नाही. वर्षाला २०० डॉलरच्या वरच्या दानावर सवलतीचा दर जास्त असतो आणि नवरा-बायकोचं दान एकाच्याच रिटर्नमध्ये एकत्र दाखवता येतं, हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. शिवाय मुलांचं फर्स्ट कम्युनियन, कन्फर्मेशन, पुढे लग्न, सगळ्याला पॅरिशचं रजिस्टर लागतं. ओंटारिओ, अल्बर्टा आणि सॅस्कॅचेवानमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या कॅथलिक शाळा आहेत, ओंटारिओत प्राथमिक शाळेच्या ॲडमिशनला बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तो येतानाच सामानात टाकून आणा, मागाहून मागवायला फार वेळ जातो.

आता लीगबद्दल. बऱ्याच जणींना वाटतं हा गोऱ्या म्हाताऱ्यांचा क्लब आहे, आपलं तिथे काय काम. गंमत अशी की ही संस्था उभीच राहिली नवीन आलेल्या बायकांसाठी. १९१२ मध्ये एडमंटनला कॅथरीन ह्यूज नावाच्या बाईने, ती पत्रकार होती आणि अल्बर्टा प्रांताची पहिली अभिलेखपाल, तिथल्या बिशप लेगाल यांच्या सांगण्यावरून कॅनडातली पहिली लीग सुरू केली. तेव्हा एकट्यादुकट्या बाया-मुली काम शोधत परमुलखातून तिकडे यायच्या, ओळख ना पाळख, त्यांना निवारा आणि नोकरी मिळवून द्यायला कोणीतरी हवं होतं. नाव आणि कल्पना इंग्लंडची, तिकडे मार्गारेट फ्लेचर यांनी १९०६ मध्ये अशीच लीग काढली होती. मग कॅनडात शहराशहरातल्या लीग १९२० मध्ये माँट्रिअलला एकत्र आल्या आणि देशभराची एक संस्था झाली, पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष बेलेल गेरँ. म्हणजे तुम्ही सुटकेस घेऊन, इंग्रजी अडखळत, रेझ्युमे हातात धरून हॉलच्या दारात उभ्या राहता तेव्हा शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलींसाठी हे सगळं सुरू झालं त्यांच्याच रांगेत उभ्या असता. लाजायचं कशाला.

सभासद व्हायला कॅथलिक असणं आणि वय १६ पूर्ण असणं एवढं पुरतं. वर्षाची फी असते, पॅरिशनुसार थोडी वेगळी, जबर नसते. आश्रयदाती अवर लेडी ऑफ गुड कौन्सेल, तिचा सण २६ एप्रिलला, त्या सुमारास नवीन सभासदांचं स्वागत, जुन्यांना पिन वगैरे असा कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी करतात. पॅरिशच्या वर डायोसिस म्हणजे बिशपचा धर्मप्रांत, मग सरकारी प्रांत, मग राष्ट्रीय अशी उतरंड आहे, राष्ट्रीय ऑफिस विनिपेगला. काम तीन भागांत वाटलेलं असतं, श्रद्धा, सेवा आणि सामाजिक न्याय. तुम्ही कुठल्या भागात रमाल ते सुरुवातीला कळणार नाही आणि कळायची घाईही करू नका.

सेवा म्हणजे नेमकं काय ते सांगते. अंत्यविधीनंतरचं जेवण, हे माझ्या मते लीगचं सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात कमी कौतुक होणारं. इथे कित्येक म्हाताऱ्या माणसांची मुलं हजारो किलोमीटर लांब असतात, ती विमानाने येतात, चर्चमधला विधी होतो, आणि मग सगळे हॉलमध्ये येतात तेव्हा टेबलावर सँडविच, कापलेली फळं, गरम कॉफी तयार असते. ते कोणी केलं हे त्या घरातल्यांना कधी कधी माहीतही नसतं. फोनवर निरोप फिरतो, बुधवारी फ्युनरल आहे, साधारण ऐंशी माणसं, कोण काय आणणार. तुम्ही फक्त दोन तास वाढायला उभं राहीन म्हणालात तरी चालतं. त्या दोन तासांत तुम्हाला पॅरिशची जेवढी माणसं कळतील तेवढी वर्षभर बाकावर बसून कळायची नाहीत.

बाकी मग ख्रिसमसला गरजू घरांसाठी हॅम्पर म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंची टोपली, फूड बँकेसाठी वस्तू गोळा करणं, बेक सेल, जुन्या कपड्यांचा सेल, एकट्या गरोदर मुलींसाठी बाळाचे कपडे आणि डायपर, लाँग टर्म केअर होममधल्या आजी-आजोबांना भेटायला जाणं. त्या शेवटच्या कामाबद्दल थोडं जास्त बोलते. २०१६ पासून कॅनडात डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू कायदेशीर आहे, चर्चचा त्याला विरोध आहे आणि लीगचाही, पण नुसतं विरोध आहे म्हणून भागत नाही, जो माणूस दिवसभर भिंतीकडे बघत पडलाय त्याच्याशेजारी कोणीतरी बसायला लागतं. म्हणून पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, विषय लीगमध्ये सतत निघतो. आपल्या बायका यात खरंच तरबेज असतात, घरात म्हातारी माणसं सांभाळलेली असतात, हात धरून गप्प बसता येतं, त्याला इंग्रजी कशाला लागतंय. फक्त लक्षात ठेवा, वृद्ध, आजारी किंवा मुलांसोबत काम करायचं असेल तर आधी पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे तुमच्यावर गुन्ह्याची नोंद नाही ना याचा दाखला, काढून आणायला सांगतात. काहीजणींना तो अपमान वाटतो, माझ्यावर संशय का म्हणून. संशय वगैरे काही नाही, पॅरिशमधल्या जुन्याजाणत्या बाईलाही तोच नियम, आणि चर्चमध्ये काय काय घडून गेलंय ते बघता नियम आहे हे चांगलंच आहे.

मीटिंग साधारण महिन्यातून एकदा, जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक ठिकाणी सुट्टी. पहिल्या मीटिंगला कंटाळा येणार, स्पष्टच सांगते. आधी प्रार्थना, मग मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, मग खजिनदाराचा हिशोब, मग कोणीतरी मोशन म्हणजे प्रस्ताव मांडणार, दुसरी कोणी सेकंड म्हणजे अनुमोदन करणार, हात वर, मंजूर. चहाच्या किटलीवरसुद्धा मोशन होतो. आपण घरगुती पद्धतीने सगळं ठरवणारी माणसं, आपल्याला हसू येतं. पण याचा फायदा असा की बोलायला कोणाच्या वशिल्याची गरज नसते, तुमची पाळी आली की सगळ्या गप्प बसून ऐकतात, मग तुम्ही दोन महिन्यांपूर्वी का आला असेनात. ज्या बाईला चारचौघांत बोलायची भीती वाटते तिच्यासाठी याहून चांगली इंग्रजीची शिकवणी नाही, आणि फुकट आहे. पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूत ‘व्हॉलंटिअर एक्स्पीरियन्स’ विचारतात तेव्हा सांगायला काहीतरी असतं, रेफरन्स द्यायला माणूस असतो, हेही आलंच. नुसतं त्याच्यासाठी जाऊ नका, पण ते मिळतं.

आणि रेझोल्यूशन म्हणजे ठराव म्हणून एक प्रकार आहे तो नीट समजून घ्या कारण मला लीगमधलं तेच सगळ्यात भारी वाटतं. कुठल्याही पॅरिशमधली कोणीही सभासद एखादा प्रश्न मांडू शकते, मानवी तस्करी असेल, पॉर्नोग्राफी असेल, पॅलिएटिव्ह केअर असेल. तो अभ्यास करून लिहायचा, आकडे आणि आधार जोडायचे, मग तो डायोसिसला जातो, तिथून प्रांताला, तिथून राष्ट्रीय अधिवेशनाला, आणि मंजूर झाला तर लीगच्या पदाधिकारी तो ओटावाला सरकारपुढे मांडतात. एका तळघरातल्या हॉलमध्ये, कुकीजच्या डब्याशेजारी सुरू झालेली गोष्ट मंत्र्यांच्या टेबलापर्यंत जाते. परदेशी डिग्रीला मान्यता, केअरगिव्हर म्हणून आलेल्या बायकांचे हाल, हे आपले प्रश्न आहेत आणि ते आपल्याइतके नीट दुसरं कोण लिहिणार. तुमच्यात कोणी वकील, नर्स, शिक्षिका असेल तर तिने भांडी घासण्यातच सगळं वर्ष घालवू नये, या कमिटीत शिरावं.

काही बारीकसारीक गोष्टी. सत्तरीच्या बाईला पहिल्या नावाने हाक मारायची, आन्टी म्हटलं तर ती गोंधळते, जीभ वळायला वेळ लागतो पण वळते. फादरना मात्र फादरच. भारतात १५ ऑगस्टला स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा चुकवता येत नाही, इथे रविवार सोडले तर मिस्सेला जायलाच हवं असे बंधनाचे दिवस दोनच, ख्रिसमस आणि १ जानेवारी, त्यामुळे १५ ऑगस्टला चर्च अर्धं रिकामं दिसलं तर दचकू नका, तुम्ही जा. शुक्रवारी मांस वर्ज्य हे इथेही आहे पण गुड फ्रायडे सोडला तर त्याऐवजी एखादं दयेचं किंवा भक्तीचं काम केलं तरी चालतं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काही बनवून नेलंत तर त्यात काय काय आहे याची चिठ्ठी लावा, शेंगदाण्याची ॲलर्जी इथे जिवावर बेतते. मिस्सेत वाचन करायचं असेल तर सांगा, उच्चार असे आहेत तसे आहेत म्हणून मागे राहू नका, हळू आणि स्पष्ट वाचलं की झालं. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या अधिकृत सेवा बायकांनाही खुल्या केल्या, नुसती वाचनाची पाळी तर त्याच्या कितीतरी आधीपासून बायका घेतायत.

इथल्या आदिवासी लोकांचा आणि त्यांच्या मुलांसाठीच्या रेसिडेन्शियल स्कूलचा, म्हणजे निवासी शाळांचा, विषय मीटिंगमध्ये निघाला तर आधी ऐका. त्यातल्या बऱ्याच शाळा चर्चच्या संस्थांनी चालवल्या, मुलांना आईबापांपासून तोडलं, आणि २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस स्वतः अल्बर्टातल्या मास्कवाचीसला येऊन माफी मागून गेले. ‘आम्ही तर आत्ता आलो, आमचा काय संबंध’ असं एकदा कोणी बोलून गेलं की ते लोकांच्या लक्षात राहतं. ३० सप्टेंबरला त्यासाठी राष्ट्रीय दिवस असतो, पॅरिशमध्ये काही कार्यक्रम असेल तर जरूर जा.

लीगकडून काय अपेक्षा ठेवू नये तेही सांगते. व्हिसा, पीआर (कायम राहण्याचा परवाना), वर्क परमिटचा सल्ला हॉलमधल्या मावशीकडून घेऊ नका, ती प्रेमाने चुकीचं सांगेल, त्याला लायसन्सवाला सल्लागार किंवा वकीलच हवा. घरात मारहाण होत असेल तर मात्र ज्या बाईवर विश्वास बसलाय तिला सांगा, शेल्टरचा नंबर आणि गाडी दोन्ही तिच्याकडे निघते. आणि हो, राजकारण इथेही असतं, अमकीचीच कॉफी, तमकीचंच कपाट, त्यात पडू नका.

आपल्या भाषेतला ग्रुप असेल तर तोही ठेवा, महिन्यातून एकदा मराठीत रोझरी म्हटली की जीव थंड होतो. पण सगळा वेळ तिथेच गेला तर पॅरिश परकीच राहते, मी अशी घरं बघितलीत. आणि सुरुवातीला एकच काम घ्या, फ्युनरलचं जेवण नाहीतर केअर होम, काहीही एक. इथे नाही म्हटलं तर कोणी रागावत नाही, पण हो म्हणून आला नाहीत तर पुढच्या वेळी विचारत नाहीत. हिवाळ्यात गाडी नसेल तर मीटिंगच्या दोन दिवस आधी राइड मागा, आयत्या वेळी नको. नोकरीमुळे शहर बदलावं लागलं, आणि पहिल्या काही वर्षांत बहुतेकांना लागतंच, तर निघायच्या आधी तुमच्या कौन्सिलला, म्हणजे पॅरिशमधल्या लीगच्या शाखेला, कळवा, सभासदत्व नवीन पॅरिशच्या कौन्सिलकडे वळवून देतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही.