एप्रन उतरवण्याआधी

जुनं, साउथ बेंड (अमेरिकन कंपनी) धाटणीचं लेथ आणि एप्रनच्या, म्हणजे टूल घेऊन सरकणाऱ्या सॅडलला पुढून लटकलेल्या गिअरपेटीच्या, पोटात चकत्यांचा क्लच, अशी मशीन असेल तरच ही यादी कामाची. ड्रॉप वर्मच्या एप्रनला, ज्यात वर्म (स्क्रूसारखा गिअर) खाली पाडून टूलचं सरकणं थांबवतात, ती लावू नका. मागच्या खेपेला वर्मची चावी राहून गेली आणि जोडलेलं सगळं परत उतरवावं लागलं, म्हणून लिहून ठेवतोय.

मेन स्विच बंद, फ्यूज खिशात. पाने, ट्रे, रॉकेल, चिंध्या हे सांगायला नको. एक झाकणाचा डबा मात्र वेगळा ठेवा आणि त्यावर मार्करने ‘वर्म चावी’ लिहा. दुसरं काहीही त्यात टाकायचं नाही. लीड स्क्रूवर, म्हणजे लेथच्या लांबीभर जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आटे असतात, शिवाय लांबभर एक खाच असते. आटे हाफ नटसाठी (स्क्रूवर मिटणारा दोन अर्ध्यांचा नट), म्हणजे थ्रेडिंगला. फीड, म्हणजे टूलचं आपोआप सरकणं, चालतं त्या खाचेवर. वर्ममधली बारीकशी चावी खाचेत सरकत राहते. स्क्रू फिरला की चावी वर्मला फिरवते, वर्म वर्म व्हीलला, आणि वर्म व्हीलच्या आत क्लच. स्क्रू बाहेर ओढला की चावीला धरणारं काही उरत नाही, ती खालच्या काळ्या ऑइलमध्ये पडते. ओढताना एक हात खाली धरा. चावी हातात आली की तडक डब्यात.

क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणारा भाग) स्क्रू आधी काढा, त्याचा गिअर एप्रनमध्ये अडकतो. सॅडलवरचे बोल्ट सोडण्याआधी एप्रनखाली लाकडी ठोकळे द्या. बोटं वाचवा.

क्लच उघडताना प्रत्येक चकतीचा मोबाइलवर फोटो घ्या. चकत्या २ जातींच्या. काहींना बाहेरून कान, ते वर्म व्हीलच्या खाचांत बसतात. काहींना आतून, त्या मधल्या स्लीव्हबरोबर फिरतात. बसतात एकाआड एक. क्लचची मूठ आवळली की गठ्ठा दाबला जातो आणि घर्षणाने स्लीव्ह वर्म व्हीलबरोबर फिरायला लागते. सैल केली की वर्म व्हील एकटंच फिरतं. एकाच जातीच्या २ चकत्या शेजारी आल्या तर तेवढी पकड गेली. मग माणूस मूठ आणखी आवळतो, आणि इथेच घात होतो. सॅडल कुठे आदळलं तर क्लचने घसरायला हवं. गच्च आवळलेला क्लच घसरत नाही, गिअरचे दात जातात.

पावसाळ्यात हे काम काढलंत तर रॉकेलने धुतलेल्या चकत्या रात्रभर कोरड्या ठेवू नका. नाशिकच्या श्रावणात सकाळपर्यंत लाल होतात. धुतलं, पुसलं, लगेच ऑइलचा हात. ऑइल ६८ नंबरचं साधं मशीन ऑइल. मोटारसायकलचं उरलेलं इंजिन ऑइल ओतायचा मोह होतो, पण त्यातलं डिटर्जंट धातूचा बुरा तळाला बसू देत नाही, तो बेअरिंगपर्यंत फिरत राहतो. ऑइल पोचवणाऱ्या फेल्टच्या वाती कडक झाल्या असतील तर बदला.

डबा उघडून बघा, चावी आहे ना? आता लीड स्क्रूच्या खाचेच्या कडा बोटाने चाचपा. बर (कडेला उठलेला धारदार धातू) लागली तर बारीक कानस फिरवा, नाहीतर ती हाफ नट खाते.

जोडताना वर्म जागेवर, चावी वर्ममध्ये ग्रीसने चिकटवून, खाच तिच्या समोर आणून मगच स्क्रू आत. चावी आधी, स्क्रू नंतर. स्क्रूच्या टोकाचं ब्रॅकेट बसल्यावर चावी घालायला वाट नसते. ब्रॅकेट आवळण्याआधी स्क्रू हाताने फिरवा. वर्म फिरला नाही तर चावी नाही, तिथेच थांबा. आटे पाडून खात्री करू नका. चावी नसतानाही आटे व्यवस्थित पडतात. फीड लावल्यावर मात्र क्लच कितीही आवळला तरी सॅडल ढिम्म.

फीडचा दांडा मधल्या जागी असतानाच हाफ नट मिटला पाहिजे. दोन्ही एकदम लागत असतील तर इंटरलॉक (एक लागलं की दुसरं अडवणारी खिट्टी) चुकला, एप्रन परत खाली. ऑइल भरा, बोल्ट आवळा. टूल न लावता, हळू स्पीडला, आधी लांबीचं फीड, मग क्रॉस. मूठ सैल केल्याबरोबर सॅडल थांबलं की झालं.