कमी मटेरियलची बाटली, वर वारली चित्र : या चुका टाळा

"कमीत कमी मटेरियलमध्ये ५०० मिलीची बाटली डिझाइन करा आणि वर आपली लोककला दाखवा" असा प्रोजेक्ट आला की पोरं दहावीचं महत्त्वमापन उघडतात, सूत्र लावून उत्तर काढतात आणि चित्र मात्र आदल्या रात्री कुठूनतरी उचलून चिकटवतात. गडबड तिथेच होते, कारण बाटलीचा व्यास ठरला की चित्राची रुंदीही ठरली, त्यामुळे दोन्हीचा विचार एकदमच करायला लागतो.

आधी किरकोळ चुका. त्रिज्येच्या जागी व्यास टाकला की घनफळ चौपट येतं. १ मिली म्हणजे १ घन सेमी, तेव्हा सगळी मापं सेमीतच घ्या, मध्येच मिमी आणू नका. आणि सूत्रातलं माप आतलं असतं, बाहेरून फूटपट्टी लावून घेतलेलं नाही. ५०० मिली काठोकाठ भरेल अशी बाटली पण नको, झाकण उघडताच शर्टावर सांडेल, वर थोडी हवेची जागा हवीच (खालचे आकडे मात्र सोपे पडावेत म्हणून बरोबर ५०० चेच घेतलेत).

उंची = व्यास म्हणजे झालं का?

बंद वृत्तचितीचं पृष्ठफळ सगळ्यात कमी कधी, तर उंची आणि व्यास सारखे असताना. ५०० मिलीला दोन्ही साधारण ८.६ सेमी येतात आणि पृष्ठफळ ३४९ चौसेमी. गणित बरोबर आहे हो, पण ही बाटली कमी आणि डबा जास्त झाला, बॅगेच्या साइडच्या खिशात जाणार नाही आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकून एका हाताने धरता येते का बघा. आता व्यास ६.५ घ्या, उंची येते १५.१ च्या आसपास आणि पृष्ठफळ ३७४. म्हणजे फक्त ७ टक्के वाढलं! सगळ्यात कमी पृष्ठफळाच्या आसपास थोडं इकडेतिकडे सरकलं तरी फारसा फरक पडत नाही, आणि हेच बहुतेक रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर एकच उत्तर लिहिण्यापेक्षा चार-पाच व्यासांचा तक्ता करा.

गोल आकार घेतला तर ३०५ चौसेमीत काम होतं, पण तो घरंगळतो, त्यामुळे तो तक्त्यात तुलनेपुरताच ठेवा.

अजून एक, पृष्ठफळ म्हणजे मटेरियल नव्हे, मटेरियल म्हणजे पृष्ठफळ गुणिले जाडी. तळ आणि वरचा भाग बाजूच्या भिंतीपेक्षा दुप्पट जाड धरला तर उत्तरच बदलतं, उंची व्यासाच्या दुप्पट येते, म्हणजे व्यास ६.८ आणि उंची १३.७. आता ही हातात मावणारी बाटली झाली ना, आणि तीही गणितानेच दिली.

चित्र बसत नाही, जोड दिसतो

६.५ व्यासाचा परीघ २०.४ सेमी. एफोर कागदाची अरुंद बाजू २१ सेमी, म्हणजे चिकटवायला ६ मिमी उरतात, मस्त बसतं. व्यास ७ केला की परीघ २२ आणि कागद आडवा घ्यावा लागतो. झेरॉक्सवाल्याला मात्र "ॲक्च्युअल साइज" सांगा, तो सवयीने "फिट टू पेज" दाबतो, चित्र आक्रसतं आणि मागे पांढरी फट राहते, मग तुम्ही गणित तपासत बसता. काठाजवळ प्रिंटर छापत नाही, तर प्रिंट थोड्या मोठ्या कागदावर काढून कापून घेतलेली बरी.

नाचणाऱ्यांची साखळी काढायची असेल तर परिघाला आकृत्यांच्या संख्येने भागा. १२ जण असतील तर प्रत्येकाला १.७ सेमी. डोळ्याच्या अंदाजाने काढत गेलात की शेवटचा माणूस जोडावर अर्धाच राहतो, त्याच्या अंगाचे दोन त्रिकोण अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे. मोठं तारपा नृत्य, मध्ये तारपा (वारलींचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा आणि भोवती गुंडाळत गेलेली रांग, हे परिघाच्या एक तृतीयांशात म्हणजे ६.८ सेमीत बसवा, कारण समोरून तेवढंच नीट दिसतं, कडेचं सगळं दबलेलं दिसतं.

बाटली खाली निमुळती असेल तर तो शंकूछेद, त्याला सरळ पट्टी गुंडाळली की टोकं वरखाली होतात. कागद कमानीसारखा कापायला लागतो आणि चित्राची जमीनही त्याच कमानीवर काढायला लागते. मानेखालच्या गोलाकार खांद्यावर तर चित्र नकोच. संत्र्याची साल टेबलावर सपाट करून बघा, फाटते की नाही? गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये हेच सिद्ध केलं, गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-दाबल्याशिवाय सपाट होत नाही, आणि कागदाला उलट्या बाजूने तोच त्रास, खांद्यावर सुरकुत्या पडतात. तिथे नुसता गेरूचा रंग ठेवा.

कुठलंही चित्र कुठेही नको

वारलीत त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आहेत म्हणून भूमितीच्या प्रोजेक्टला ती सोयीची, हे खरं. पण पालघट देवी असलेला लग्नचौक लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तो पिऊन फेकायच्या बाटलीवर टाकू नका, उद्या कचऱ्यात दिसेल. शेती, मासेमारी, झाडं, पक्षी भरपूर आहे काढायला. लेबलवर "वारली चित्रशैली, पालघर जिल्हा" एवढं लिहा, आणि गुगलवरून एखाद्याचं चित्र जसंच्या तसं उचलू नका. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, आणि त्या भागात आजही चित्रं काढणारे बरेच जण आहेत. जमलं तर डहाणू लोकल पकडा, काम देऊन पैसे देऊन चित्र काढून घ्या, फक्त जाताना २०.४ सेमी रुंदीचा कागद कापून सोबत न्या.