ट्रायल रूमच्या दाराशी

कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला लागणार असाल, तर पहिले आठ दिवस बोलण्यापेक्षा बघण्यात घालवा. पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी लेडीज एथनिकच्या सेक्शनला लागले, तेव्हा येणारीला दारातच गाठून विचारायचे, "काय दाखवू मॅडम?" उत्तर ठरलेलं: "नुसतं बघतेय." आणि बाई लांबच्या रॅककडे सरकायची.

विक्री ठरते ट्रायल रूमच्या दाराशी. कपडा घेऊन आत गेलेल्या गिऱ्हाइकाचं अर्धं मन झालेलं असतं. एकदा लेकीच्या साखरपुड्यासाठी एक काकू मोरपंखी कुर्ता घालून बघत होत्या. दार किलकिलं करून त्यांनी तो परत दिला. "नको गं, मला नाही शोभत." कुर्ता हातात घेतला तर मुंढ्याजवळची शिलाई ताणलेली. म्हणजे रंग आवडला होता, मुंढा काचत होता. साइझबद्दल अवाक्षर न काढता मी त्याच रंगातला ए-लाइन, एक साइझ मोठा, आत दिला. "काकू, याचा कट वेगळा आहे, घालून तर बघा." थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या त्या ओढणी मागतच. "तुम्हाला लार्ज लागेल" असं चारचौघांत म्हटलं असतं, तर त्या तशाच निघून गेल्या असत्या. गिऱ्हाइकाला अंगावरून कमीपणा वाटेल असा शब्द तोंडून जाऊ देऊ नका, हे अगदी कळकळीनं सांगते.

कापडही ओळखायला शिका. रेयॉन धुतल्यावर आटू शकतो, हे विकतानाच सांगा. खरं सांगणाऱ्या मुलीला शोधत बायका पुन्हा येतात.

टार्गेटची भाषा आठवड्यात कळते. शंभर जणी आल्या आणि वीस बिलं झाली, तर कन्व्हर्जन वीस टक्के. एका बिलात सरासरी किती पीस गेले, ते यूपीटी. काकूंची ओढणी यूपीटीत धरली गेली.

पायांचं मात्र आधीच कुणी सांगत नाही. दिवाळीत आणि सीझन संपतानाच्या सेलमध्ये दिवसभर उभंच राहावं लागतं. मऊ तळव्याचे बूट घ्या, त्यात काटकसर नको. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानं बंधनकारक केलं. त्यासाठी केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायका लढल्या होत्या. मुलाखतीला जाल तेव्हा फ्लोअरवर एखादं स्टूल दिसतंय का, बघा.

आणि ट्रायलला आत किती पीस गेले, किती परत आले, हे दर वेळी मोजा. माझ्या पहिल्या दुकानात स्टॉक मोजताना तीन ओढण्या कमी भरल्या. त्या कुणी नेल्या ते कळलंच नाही, पण पैसे आम्हा सगळ्यांच्या पगारातून कापले. आमच्यातल्या एकीचा तो पहिलाच पगार होता. स्टॉक कमी भरला तर काय करता, हे रुजू होण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.