पंचविशी-तिशीत ऐकू कमी येत चाललंय? तपासणी अशी करून घ्या

फोन उजव्या कानाचा डाव्याला कधी लावायला लागले ते माझं मलाच कळलं नव्हतं, बरेच महिने तसेच गेले. म्हणून आधी घरच्यांना विचारा, टीव्ही मोठा लावतो का, सारखं "काय?" विचारतो का. मग कागदावर लिहा: कुठला कान, कधीपासून, कानात शिट्टी वाजते का, चक्कर येते का, मोठ्या आवाजात काम असतं का, घरात कुणाला तरुणपणीच असं झालंय का, आणि अमिकासिन, जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिन, ही कानाला इजा करू शकणारी औषधं, कधी दिली होती का. रात्री कमी दिसणं, लघवीत रक्त, हेही सांगा, काही आनुवंशिक आजारांत ते कानासोबत येतं.

ईएनटी डॉक्टर आधी कानात बघतात, कधी नुसता मळच निघतो. पण घाण वासाचं पाणी येत असेल तर अजिबात अंगावर काढू नका, आतलं हाड झिजत जातं.

मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की घुमणारा धातूचा चिमटा, वाजवून कपाळावर टेकवतात. माझ्या खराब कानातच जास्त घुमलं, मला काही कळेना! त्याचा अर्थ असा की दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात, नस खराब असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता.

खरी तपासणी ऑडिओमेट्री, जाड ते बारीक सुरांत (250 ते 8000 हर्ट्झ) किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजून आलेख काढतात, रिपोर्टची कॉपी मागून घ्याच. आलेखाच्या रेषेत 4000 च्या आसपास खड्डा दिसला तर बहुतेक मोठ्या आवाजाने झालेलं नुकसान. खालचे सूर कमी-जास्त होतात आणि गरगरतं, तर मेनिए या आतल्या कानाच्या आजाराचा विचार करतात. कानामागच्या हाडातून आवाज दिला तर नीट ऐकू येतं, हवेतून (हेडफोनने) कमी, आणि पडदा चांगला, तर ओटोस्क्लेरोसिस असू शकतो, मला तोच निघाला, कानातलं सगळ्यात छोटं हाड जखडतं, त्यावर ऑपरेशन किंवा मशीन दोन्ही चालतं. सोबत टिंपॅनोमेट्री होते, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजतात.

एकाच कानाची नस कमजोर दिसली तर एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा, नसेवर गाठ नाही ना हे बघावं लागतं. दोन्ही कान काही आठवड्यांत-महिन्यांत झपाट्याने जात असतील तर ऑटोइम्यून असू शकतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कानावर उलटते, स्टिरॉइडने फरक पडतो, तिथे थांबून चालत नाही.

आणि एक-दोन दिवसांत अचानक कान बंद झाला तर सर्दी असेल म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी जा. बाकीच्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा परत ऑडिओमेट्री करा, जुना रिपोर्ट शेजारी ठेवून, रेषा किती खाली सरकलीय ते तिथेच दिसतं.