सुटलेली शाळा पुन्हा सुरू करताना

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत नक्षलवादी हिंसाचाराच्या काळात ज्या मुलांची शाळा सुटली, त्यांना परत आणताना पालकांना प्रथम हे समजावून सांगावे की, जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला हाताशी नाही म्हणून 6 ते 14 वयोगटातील मुलाचा प्रवेश 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार अडवता येत नाही. मुख्याध्यापकांकडे अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. वयानुरूप वर्गाचा आग्रह धरावा, कारण बारा वर्षांची मुलगी पहिलीत बसवली तर ती संकोचून पुन्हा घरीच राहण्याची भीती असते. मागे पडलेल्या अभ्यासासाठी कलम 4 नुसार विशेष प्रशिक्षण मिळते आणि वयाची 14 वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच राहते.

माझ्या मते सर्वांत कठीण प्रश्न भाषेचा आहे. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठी पाठ्यपुस्तक परके वाटते. म्हणून सुरुवातीचे काही महिने गावातील शिकलेल्या माडिया तरुणाला वर्गात सोबत बसण्याची विनंती करावी. आश्रमशाळा निवडायची असल्यास मुलींची निवासव्यवस्था पालकांनी स्वतः पाहावी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, त्यामुळे ही सारी कामे पावसाळ्यापूर्वीच उरकावीत.