पलेव्याआधी ट्यूबवेलचं पाणी तपासा: इंदूर, सांवेर, देपालपूर, महू पट्ट्यासाठी रब्बी सल्ला

मंडळी, सोयाबीन निघालं, कुणाचं मंडीत गेलं कुणाचं घरात पडलंय, आणि आता सगळ्यांना एकच घाई, पलेवा (पेरणीआधीचं पाणी) कधी देऊ, बाखर (वखर) कधी फिरवू, लसूण कधी टोचू. घाई बरोबर आहे, ओल उडून चाललीय. पण मोटरचं बटण दाबायच्या आधी एक बाटली पाणी लॅबला पाठवा. बाकी या सल्ल्यातलं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं करा.

माती परीक्षण आता बरेच जण करतात, कार्ड कपाटात असतं. पाणी मात्र कुणीच तपासत नाही. ट्यूबवेल लागली की नारळ फोडतो, दोन इंच पाणी आहे का तीन इंच एवढं बघतो, आणि तेच पाणी पंधरा-वीस वर्षं शेतात ओततो. त्या पाण्यात काय आहे हे विचारत नाही. यामुळे पिकं गेलेली मी इतक्या ठिकाणी बघितलीयत की आता दुसरं काही सांगावंसंच वाटत नाही.

चित्र दरवेळी तेच. जुनी विहीर आटली म्हणून पाचशे-सहाशे फुटांचं नवीन बोअर घेतलं, पाणी भरपूर, पहिल्या वर्षी गहू मस्त. गहू खारं पाणी बराच सोसतो म्हणून कळतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पलेवा दिला की वाफसा लवकर येत नाही, वर पापडी धरते, ढेकूळ दगडासारखं होतं, लसणाची पात टोकाकडून जळते, हरभरा खुजा राहतो. आणि खरा मार बसतो पावसाळ्यात. जुलैत शेतात पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, मुळं कुजतात, आणि लोक म्हणतात बी खराब होतं. दुकानदार आधी झिंक देतो, मग ह्युमिक, मग बुरशीनाशक, मग अजून एक बाटली. हजारो रुपये गेले आणि रोग तर रब्बीत मोटरमधून आला होता.

असं का होतं ते समजून घ्या. आपला सगळा माळवा काळ्या दगडावर बसलाय. वरच्या मुरुमात जे पाणी असतं ते गेल्या एक-दोन पावसाळ्यांचं, ताजं. खोल भेगांमधलं पाणी वर्षानुवर्षं दगडाला लागून राहतं, अशा पाण्यात बऱ्याचदा कॅल्शियम कमी होत जातं आणि सोडियम, बायकार्बोनेट वाढतं. हे पाणी काळ्या मातीला दिलं की सोडियम मातीच्या कणांवर चढून बसतं. रब्बीत पाण्यातल्या क्षारामुळे कण कसेबसे धरून राहतात, पण पावसाचं गोडं पाणी पडलं की माती विरघळल्यासारखी होते, छिद्रं बुजतात, पाणी खाली जातच नाही. म्हणून दोष रब्बीच्या पाण्याचा आणि नुकसान खरीपात दिसतं.

आणि शेजाऱ्याचा रिपोर्ट तुम्हाला चालणार नाही. महूजवळच्या जानापावच्या डोंगररांगेवरून पाणी दोन्हीकडे वाहतं, उत्तरेकडे गंभीर, क्षिप्रा, चंबळ या नद्यांतून यमुनेकडे आणि दक्षिणेकडे चोरलमधून नर्मदेत. यशवंतसागर तलावाच्या वरच्या बाजूची विहीर आणि इंदूर शहराच्या खाली कान्ह नदीच्या काठावरची विहीर यांचं पाणी एक कसं असेल? एका मेढीच्या (बांधाच्या) दोन बाजूंना दोन बोअर असले तरी भेग वेगळी, पाणी वेगळं. ज्याची खोली जास्त त्याने आधी तपासावं.

नमुना असा घ्या. अर्धा ते एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, बिसलेरीची चालते, औषधाची अजिबात नको. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं निघून जाऊ द्या. त्याच पाण्याने बाटली तीनदा खंगाळा, मग काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, घट्ट झाकण. चिठ्ठीवर नाव, गाव, बोअरची खोली, तारीख, कुठलं पीक घेणार ते लिहा. सावलीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत पोचवा, आठवडाभर ट्रॅक्टरच्या डब्यात फिरवलेली बाटली काही कामाची नाही. कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र किंवा इंदूरचं कृषी महाविद्यालय, दोन्हीकडे आधी फोन करून विचारा. नुसतं "पाणी तपासा" म्हणू नका, पीएच, ईसी, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड, नायट्रेट एवढं मागा.

रिपोर्ट आला की तीन आकडे बघा.

ईसी म्हणजे एकूण क्षार. मीटरला ०.७५ डेसीसीमेन पर्यंत निवांत, ०.७५ ते २.२५ मध्ये पीक बघून, त्याच्या वर सावध. काही लॅब मायक्रोसीमेनमध्ये (सेंटीमीटरला) लिहितात, तेव्हा ७५० म्हणजे ०.७५. कांद्याला पाण्याची ईसी ०.८ च्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं, बटाट्याला १.१ च्या वर, गहू मात्र ४ पर्यंत तग धरतो. लसूण मी कांद्याच्याच रांगेत धरतो, हरभरासुद्धा नाजूकच आहे.

एसएआर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण. पुस्तकात १० पर्यंत चांगलं म्हणतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत मी ७-८ लाच घाबरतो, हा माझा शेतातला अंदाज आहे, पण आजवर उपयोगी पडलाय.

आरएससी (शिल्लक सोडियम कार्बोनेट) हा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कुणी बघत नाही. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची, सगळे आकडे लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. १.२५ पर्यंत सुरक्षित, १.२५ ते २.५ काठावर, २.५ च्या वर हे पाणी तसंच्या तसं शेतात घालू नका.

आरओवाल्याकडचं टीडीएस मीटर बरेच जण घेऊन फिरतात. ते फक्त एकूण क्षार सांगतं (५०० टीडीएस म्हणजे साधारण ०.८ ईसी), सोडियम किती ते सांगत नाही. टीडीएस कमी आला म्हणून खूश झालेले लोकच नंतर फसलेले बघितलेत.

रिपोर्ट येईपर्यंत दोन घरगुती गोष्टी करून बघा. बोअरच्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो, कपडे छान निघतात, बाया खूश, अशा पाण्याचा मला जास्त संशय येतो, कारण त्यात कॅल्शियम कमी असतं. ज्या पाण्याने हंड्याला पांढरा थर चढतो ते घरात त्रासाचं पण मातीला बहुतेक वेळा कमी घातक. दुसरं, शेतातलं वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या ग्लासात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका, दुसऱ्या दिवशी बघा. नुसतं फुटून तळाशी बसलं तर ठीक, पण आजूबाजूला गढूळ दुधासारखा ढग उठला तर सोडियम तुमच्या मातीत शिरलंय. नळाचं किंवा बोअरचं पाणी घेऊ नका, क्षारामुळे उत्तर चुकतं.

आता उपाय. आरएससी जास्त असेल तर जिप्सम, आणि दुसरं काही नाही. हिशोब साधा आहे: आरएससी ५ आहे आणि २.५ वर आणायचाय, तर ६ सेंटीमीटरच्या एका पाण्यामागे एकरी साधारण ७५ किलो जिप्सम लागतं, ७० टक्के शुद्धतेचं. पाच पाणी धरली तर ३७५ किलो, म्हणजे ५० किलोच्या साडेसात गोण्या. बारीक दळलेलं घ्या, पलेव्याआधी पसरून वरच्या चार इंचात मिसळा, खोल नांगराने गाडू नका. मातीतच सोडियम चढलं असेल तर त्याचा डोस वेगळा, तो माती तपासून विचारा आणि मे-जूनमध्ये टाका, पाऊस त्याला खाली नेईल. ड्रिपमधून जिप्सम सोडू नका, नळ्या बुजतील.

दुकानात तुम्हाला लिक्विड कॅल्शियम दाखवतील, लोहचुंबकाचं यंत्र दाखवतील, पाणी गोड करणारी पावडर दाखवतील. १० टक्केवाल्या एक लिटरच्या बाटलीत १०० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. जिप्समच्या एका गोणीत ८ किलो. दोन्हीचा भाव विचारा आणि स्वतः भागाकार करा. चुंबकाच्या यंत्रावर मी कुणाला एक रुपया घालू देणार नाही.

ईसी जास्त असेल, नुसतंच खारं पाणी, तर जिप्समने काही होत नाही. तिथे पीक बदला, कांदा-लसूण सोडून गहू घ्या, तळ्याचं किंवा विहिरीचं गोड पाणी असेल तर पलेवा त्याने द्या आणि बोअरचं पाणी नंतर वापरा, कारण उगवतानाच पीक सगळ्यात नाजूक असतं. दुपारी स्प्रिंकलर नको, पानं जळतात. देवासमध्ये २००६ पासून शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने रेवासागर नावाची शेततळी खणली, त्यामागचं कारण हेच होतं की बोअर किती खोल नेणार. ज्यांना शक्य आहे त्यांनी उन्हाळ्यात हा विचार कराच.

सांवेरकडच्या मंडळींशी थोडं वेगळं बोलायचंय. कान्हचं पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी, त्यात इंजिन लावून भाजी पिकवतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात नत्र-स्फुरद असतं म्हणून पीक हिरवंगार दिसतं आणि लोक भुलतात. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर या पाण्यावर घेऊ नका, यातलं बरंच लोक कच्चं खातात, घरातली लेकरंही खातात. गहू घेत असाल तर युरिया कमी करा, नाहीतर लोळतो. पाणी सोडताना गमबूट घाला, अनवाणी उतरू नका, हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला सांगा. नदीकाठच्या विहिरीचं पाणी पिण्याला वापरत असाल तर नायट्रेट आणि जंतू दोन्ही तपासा, नायट्रेटची पिण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. तान्ह्या बाळाचं दूध त्या पाण्यात अजिबात कालवू नका.

नायट्रेटचा एक फायदाही आहे, तो घ्या. सिंचनाच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ६ सेंटीमीटरच्या पाच पाण्यांत एकरी १२ किलो नत्र पाण्यातूनच जातं, म्हणजे युरियाची अर्ध्याहून जास्त गोणी. तेवढी कापा. दुकानदार हे सांगणार नाही.

बाकी नेहमीची कामं:

गहू: १० ते २५ नोव्हेंबर, हेक्टरी १०० किलो बी, दोन ओळींत २० सेंमी, नत्र-स्फुरद-पालाश १२०:६०:४०. वेळेवर पूसा तेजस, उशिरा झाला तर पूसा अहिल्या आणि बी १२५ किलो. पहिलं पाणी २०-२१ दिवसांनी.
हरभरा: हेक्टरी ७५-८० किलो बी, ३० सेंमी, २०:६०:२०, बियाण्याला आधी बुरशीनाशक मग रायझोबियम (जिवाणू खत).
लसूण: हेक्टरी ५०० किलो पाकळ्या, १५ बाय १० सेंमी.
बटाटा: हेक्टरी २५-३० क्विंटल बेणं, ६० बाय २० सेंमी, मॅन्कोझेब बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम पाण्यात बुडवून सावलीत सुकवून.

हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पुढच्या पावसाळ्यासाठी आत्ताच एक सांगून ठेवतो. शेतातलं गढूळ वाहतं पाणी सरळ बोअरमध्ये सोडायचं खूळ वाढलंय. त्यासोबत फवारणी, खत, शेण सगळं खाली जातं आणि मग ते काढायला कुठलाच उपाय नाही. गिट्टी, वाळूचा फिल्टर खड्डा केल्याशिवाय पाणी सोडू नका, पहिल्या दोन-तीन पावसांचं तर फिल्टर असला तरी नको, बाहेर वाहू द्या.

आणि एकदा तपासलं म्हणजे झालं असं नाही. आत्ता पाण्याची पातळी वर आहे, आकडे बरे येतील. मार्च-एप्रिलमध्ये पातळी खाली गेली की तेच बोअर वेगळं पाणी देतं, तेव्हा उन्हाळी मूग किंवा भाजी लावणार असाल तर आधी दुसरा नमुना द्या. दोन्ही वेळचा ईसी आणि आरएससी तारखेसकट स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाच्या आतून ऑईलपेंटने लिहून ठेवा, म्हणजे मोटर जो कुणी चालू करेल, मुलगा असो की बटाईदार, त्याला दिसेल.